पंडिता रमाबाई : विद्वत्तेचा विनय

विद्या विनयाने शोभते, हे आपण शाळेत नेहमी ऐकतो. परंतु जगाने पंडित म्हणून डोक्यावर घेतल्यानंतर पुन्हा विद्यार्थी होऊन बसणे किती कठीण आहे! पंडिता रमाबाईंनी ते करून दाखविले, म्हणून त्यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले होते. त्या माउलीने ते धन लेकीच्या पदरात घातले. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडे. पुढे दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण एकामागून एक निवर्तली. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास देश तुडवीत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी या विशीतल्या मुलीस पंडिता व सरस्वती या पदव्यांनी गौरविले.

कीर्ती आली, पण सुख टिकले नाही. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, आणि १८८२ साली तेही वारले. लहानग्या मनोरमेस घेऊन रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. तेथे त्यांनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांना प्रेमाने सांभाळणाऱ्या ख्रिस्ती भगिनी पाहिल्या. ही माया कोठून आली, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांस विहिरीकाठी येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. ती त्यांच्या अंतःकरणास भिडली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाने स्वदेशातील अनेक चाहते दुखावले. इकडे इंग्लंडमधील गुरुजनांचीही प्रत्येक शिकवण त्यांनी डोळे मिटून मानली नाही. शंका आली की त्या पत्रांतून स्पष्ट वाद घालीत. आम्हांस येथे मोठा बोध दिसतो. शास्त्रवचनापुढे नम्र होणे आणि माणसांच्या अधिकारापुढे मान तुकविणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

विधवा व अनाथ यांना छळणाऱ्यांना बायबलातील संदेष्ट्यांनी वारंवार कडक इशारे दिले आहेत. असे इशारे दुसऱ्याला ऐकविणे सोपे असते. रमाबाईंनी ते स्वतःवरील कर्तव्य मानले. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. धोंडो केशव कर्वे यांच्याशी १८९३ साली पुनर्विवाह करणाऱ्या आनंदीबाई याच सदनात शिकल्या. त्याच वर्षी धर्मांतराच्या प्रश्नावरून वादळ उठले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तरी सदन बंद पडले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी स्त्रिया व मुलींना घेऊन आल्या. स्वतः भूक सोसलेल्या बाईला त्यांची स्थिती कोणी समजावून सांगावी लागली नाही. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. टाकलेल्या स्त्रियांसाठी तेथे कृपासदनही निघाले. कन्या मनोरमाबाईंच्या साहाय्याने १९१२ साली गुलबर्ग्यास शाळा सुरू झाली.

त्यांच्या विनयाची खरी कसोटी उत्तरायुष्यात लागली. प्रचलित मराठी बायबल संस्कृतप्रचुर असल्याने अल्पशिक्षित बायाबापड्यांना कळेना. मग या सरस्वतीने उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास मांडला आणि संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. ज्या संस्कृतामुळे नाव झाले, त्याच संस्कृताचा डौल त्यांनी खेड्यातील बाईसाठी बाजूला ठेवला. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या, तरी त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे देहावसान झाले. ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. छापखाना मुक्ती सदनाचाच होता, आणि त्या ग्रंथाचे खिळे जुळविणारे हात आश्रमातील स्त्रियांचे होते.