कवी अनिल : मुक्तच्छंदापासून दशपदीपर्यंत

मुक्तच्छंद म्हणजे छंदाचा अभाव, अशी समजूत आजही अभ्यासकांत आढळते. कोणत्याही गद्यसदृश कवितेला ही संज्ञा लावली जाते. त्यामुळे मुक्तच्छंदाचे प्रवर्तक आत्माराम रावजी देशपांडे तथा कवी अनिल यांनी नेमके काय साधले, हा प्रश्न बाजूला पडतो. त्यांच्या जीवनक्रमाकडे पाहिल्यास या प्रश्नाचे उत्तर मिळू शकते.

अनिलांचा जन्म ११ सप्टेंबर १९०१ रोजी वऱ्हाडातील मूर्तिजापूर येथे झाला. महाविद्यालयीन शिक्षणासाठी ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. पुण्यातच त्यांचा कुसुम जयवंत यांच्याशी परिचय झाला व १९२९ मध्ये विवाह. या दोघांचा विवाहपूर्व पत्रव्यवहार पुढे १९७२ मध्ये 'कुसुमानिल' या नावाने ग्रंथरूप झाला. अनिलांनी कायद्याची पदवी घेतली, कलकत्त्यास जाऊन भारतीय चित्रकलेचाही अभ्यास केला आणि पुढे न्यायखात्यात व समाजशिक्षणाच्या क्षेत्रात सेवा केली.

त्यांच्या उमेदीच्या काळात पुण्यात रविकिरण मंडळाचा प्रभाव होता. मंडळातील माधव जूलियन यांनी 'छंदोरचने'त मराठी पद्याची शास्त्रीय मांडणी केली : लगक्रमावर वृत्त, मात्रांवर जाती आणि अक्षरसंख्येवर छंद. ओवी व अभंग हे यांपैकी छंदाचे प्रकार. 'फुलवात' (१९३२) या संग्रहातील भावकवितेनंतर अनिल 'भग्नमूर्ती' (१९४०) या दीर्घकाव्याकडे वळले. भंगलेल्या मूर्तीच्या निमित्ताने संस्कृतीचे चिंतन करणाऱ्या या आशयाला ठरावीक लांबीचे चरण अपुरे होते. तेव्हा त्यांनी ओळीची लांबी व यमकाची सक्ती सोडली. अक्षरगटांवर आधारलेली उच्चारलय मात्र राखली. म्हणजेच त्यांनी छंद टाकला नाही, तो मोकळा केला. जपानी आक्रमणाची पार्श्वभूमी असलेले 'निर्वासित चिनी मुलास' (१९४३) आणि 'पेर्ते व्हा' (१९४७) यांतून या रचनेची सामाजिक आशय पेलण्याची क्षमता सिद्ध झाली.

१९५८ मध्ये मालवण येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद अनिलांकडे आले. १९६१ मध्ये ग्वाल्हेर येथे कुसुमावती देशपांडे संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्षा झाल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. उत्तरायुष्यात अनिलांनी दहा ओळींचा 'दशपदी' हा बंध सिद्ध केला. १९७६ च्या 'दशपदी' संग्रहास साहित्य अकादमीचा १९७७ चा पुरस्कार लाभला. ८ मे १९८२ रोजी ते निवर्तले.

मुक्तच्छंदाच्या प्रवर्तकाने अखेरीस ओळींची संख्याच निश्चित करावी, ही विसंगती वाटेल. परंतु ती तशी नाही. रचनेचे बंधन आशयातून यावे, परंपरेच्या धाकातून नव्हे, ही भूमिका दोन्ही टप्प्यांत समान दिसते. दीर्घ चिंतनाला मोकळी ओळ हवी होती, तर उत्कट भावक्षणाला आटोपशीर चौकट.

सामान्य रसिकाला अनिल कुमार गंधर्व व वसंतराव देशपांडे यांनी गायिलेल्या गीतांमुळे परिचित आहेत. विद्यार्थ्याला ते मुक्तच्छंदाचे जनक म्हणून. ही दोन ओळखपत्रे एकाच कवीची आहेत, कारण दोन्हींच्या मुळाशी लयीची तीच जाण आहे. अनिलांचा मुक्तच्छंद केवळ डोळ्यांनी वाचून कळणार नाही. तो वर्गात मोठ्याने वाचला जाणे अगत्याचे आहे.