कार्ल लिनियस आणि आपल्या बांधावरचे पाहुणे



सजीवांचे वर्गीकरण शिकवताना लिनियस हे नाव आपण एका वाक्यात सांगून मोकळे होतो. पण त्यांचं आयुष्य मुलांना सांगण्यासारखं आहे. साखऱ्याच्या बांधावर जे उगवतं, त्यातल्या कितीतरी वनस्पतींची शास्त्रीय नावं त्यांनीच ठेवलेली आहेत.

कार्ल लिनियस यांचा जन्म 23 मे 1707 रोजी स्वीडनमधल्या एका खेड्यात झाला. वडील धर्मगुरू, पण बागेची भारी आवड. लहानगा कार्ल झाडांची नावं विचारायचा अन् विसरून जायचा. शेवटी वडिलांनी तंबी दिली, पुन्हा विसरलास तर एकही नाव सांगणार नाही. तेव्हापासून नाव लक्षात ठेवायचा ध्यासच लागला. पुढे वैद्यकी शिकून 1741 मध्ये ते उप्साला विद्यापीठात प्राध्यापक झाले. 1753 च्या ग्रंथात त्यांनी सुमारे 6,000 वनस्पती नोंदवल्या. प्रत्येकीला दोन शब्दांचं नाव दिलं आणि ती कुठली राहणारी हेही बहुतेक ठिकाणी लिहिलं.

परदेशी झाडांचं त्यांना वेड होतं. चहा स्वीडनमध्येच पिकला तर देशाचा पैसा वाचेल, असं त्यांना वाटे. 1763 मध्ये चीनकडून येणाऱ्या जहाजातून जिवंत रोपं मिळाली, पण तिथल्या थंडीत चहाचा मळा काही उभा राहिला नाही. लाल रंग देणारे कोचिनील किडेही त्यांना हवे होते. एका विद्यार्थ्याने दक्षिण अमेरिकेतून ते निवडुंगासकट पाठवले. माळ्याला वाटलं झाडाला कीड लागली, त्याने निवडुंग स्वच्छ करून टाकला!

तिथे पाहुणे जगत नव्हते. आपल्याकडे मात्र चांगलेच रुजले. मिरची, भुईमूग, सीताफळ, झेंडू हे सगळे मूळचे अमेरिकेतले. झेंडूशिवाय आपला दसरा होत नाही, त्याला परकं कोण म्हणेल? पण घाणेरी आणि गाजर गवतही तिकडचेच, आणि त्यांचीही नावं त्याच ग्रंथात आहेत.

गाजर गवताची नोंद 1955 च्या सुमारास पुण्यात झाली. आज ते रस्त्याकडेला, पडीक रानात सगळीकडे दिसतं. त्याने अंगाला खाज सुटते, दम्याचा त्रास वाढतो. इथे त्याला खाणारा किडा नव्हता म्हणून ते माजलं. त्याचं मूळ घर माहीत होतं, म्हणून शास्त्रज्ञांना उपायही तिकडेच सापडला. 1983 मध्ये मेक्सिकोतून एक भुंगा आणला आणि तपासण्या करून 1984 मध्ये बंगळुरूत सोडला. पावसाळ्यात तो या गवताची पानं खातो. गवत संपलं नाही, पण काही भागात जोर कमी झाला.

10 जानेवारी 1778 रोजी लिनियस वारले. त्यांच्या कामातून मुलांना एवढं कळावं : परकं म्हणून सगळं उपटायचं नसतं, हिरवं दिसतं म्हणून सगळं ठेवायचंही नसतं. आधी नाव, मग मूळ घर, मग स्वभाव ओळखायचा.

उपक्रम : शाळेभोवतीच्या दहा वनस्पतींची यादी करा. नाव, मूळ देश, उपयोग की त्रास, असे तीन रकाने पाडा. गाजर गवत मात्र मुलांना हाताळू देऊ नका. मोठ्यांनीच हातमोजे घालून, फुलं येण्याआधी ते मुळासकट उपटावं.