आईच्या मांडीवरची शाळा : कोमेनियस

आपल्यापैकी बहुतेकांनी पहिले पुस्तक स्वतः वाचलेले नसते. आई, आजी किंवा थोरली ताई यांच्या मांडीवर बसून, त्यांच्या बोटामागे डोळे फिरवीत आपण ते ऐकलेले असते. कावळ्याचे चित्र आले की काव काव करायचे, गाईचे आले की हंबरायचे! हा साधा खेळ छापील पुस्तकात आणणाऱ्या पुरुषाचे आयुष्य मात्र वियोगांनी भरलेले होते. त्याचे नाव जॉन एमॉस कोमेनियस.

२८ मार्च १५९२ रोजी मोराव्हियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, त्याचा जन्म झाला. बारा वर्षांचा होईतो आई-वडील दोघेही गेले. नातेवाइकांच्या आधाराने वाढलेला हा मुलगा लॅटिन शाळेत पोहोचला तेव्हा सोळा वर्षांचा होता. वर्गातील इतरांहून वयाने मोठा असल्यामुळे तिथले शिक्षण त्याला उघड्या डोळ्यांनी पाहता आले. अर्थ न कळता शब्द घोकायचे आणि चुकले की छडी खायची! ती आठवण तो जन्मभर विसरला नाही.

पुढे तो धर्मोपदेशक झाला. १६१८ साली युरोपात तीस वर्षांच्या युद्धाचा वणवा पेटला. त्याचा पंथ छळाला बळी पडला. १६२२ मध्ये प्लेगने त्याची तरुण पत्नी आणि दोन लहान मुले नेली. १६२८ मध्ये त्याने मायभूमी सोडली, ती कायमची.

पोलंडमधील लेश्नो गावी त्याने आश्रय घेतला. स्वतःचे घर उद्ध्वस्त झालेल्या या माणसाने तेथे आयांसाठी एक पुस्तक लिहिले. ते १६३३ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झाले. मुलाची पहिली सहा वर्षे ही आईच्या मांडीवरची शाळा होय, हा त्याचा गाभा. मूल आधी पाहते, ऐकते, हाताळते आणि मग शब्द शिकते, असे त्याचे मत होते.

१६५० ते १६५४ या काळात तो हंगेरीतील शारोश्पाटक येथे शिकवीत होता. मुलांना नुसत्या शब्दांनी काही उमगत नाही, हे तेथे पुन्हा जाणवले आणि त्याने चित्रांचे पुस्तक योजिले. ते छापून होण्याआधीच, १६५६ मध्ये, युद्धात लेश्नो जळाले. चाळीसहून अधिक वर्षे खपून रचलेल्या चेक-लॅटिन शब्दकोशाचे हस्तलिखितही त्या आगीत गेले. चौसष्ट वर्षांचा हा वृद्ध पुन्हा बेघर झाला आणि अॅमस्टरडॅमला गेला.

अखेर १६५८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे 'ऑर्बिस पिक्टस', म्हणजे 'चित्रमय जग', प्रसिद्ध झाले. मुलांसाठी काढलेले पहिले सचित्र पुस्तक म्हणून ते सामान्यतः ओळखले जाते. त्याच्या आरंभीची मुळाक्षरे प्राण्यांच्या आवाजांतून शिकवलेली आहेत. त्यात कावळा ओरडतो, कोकरू बेंबाटते, साप फुत्कारतो. पुढे आकाश, अग्नी, पाणी, झाडे, पाखरे, पाव भाजणारा, पुस्तके बांधणारा अशी सुमारे दीडशे प्रकरणे येतात. चित्रातील प्रत्येक वस्तूला आकडा दिलेला असून तोच आकडा मजकुरातील तिच्या नावाला आहे. मोठ्याने शब्द उच्चारावा आणि मुलाने बोट ठेवावे! मूल शाळेत जाण्यापूर्वीच हे पुस्तक घरी त्याच्या हाती द्यावे आणि त्याला मनसोक्त चित्रे पाहू द्यावीत, असे कोमेनियसने प्रस्तावनेत सुचविले होते.

पुढच्याच वर्षी पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर निघाले आणि नंतर अनेक भाषांत ते गेले. शंभर वर्षांनी फ्रँकफुर्टमधल्या एका घरात ते एका मुलाच्या हाती होते. तो मुलगा म्हणजे पुढे आपल्या कालिदासाच्या शाकुंतलावर मुग्ध झालेला महाकवी गटे. म्हातारपणी आत्मचरित्र लिहिताना बालपणीच्या या पुस्तकाची त्याने आवर्जून नोंद केली. लहानपणी डोळ्यांनी आणि कानांनी घेतलेले किती खोल रुजते, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

१५ नोव्हेंबर १६७० रोजी कोमेनियसने परक्या भूमीत डोळे मिटले. हॉलंडमधील नार्डेन येथे त्याचे दफन झाले. त्याच्या देशात आज त्याचा जन्मदिन शिक्षकदिन म्हणून पाळला जातो. तेथील दोनशे क्राउनच्या नोटेवर एका बाजूला त्याचे चित्र आहे आणि दुसऱ्या बाजूला दोन हात : एक मोठ्या माणसाचा, एक लहान मुलाचा.

मित्रहो, परीक्षेच्या धबडग्यात घरातील धाकटे भावंड चित्रांचे पुस्तक घेऊन जवळ येते, तेव्हा आपण त्याला दूर सारतो. यापुढे निदान दहा मिनिटे त्याला मांडीवर घेऊ या.