कोण होते इतिहासाचार्य राजवाडे? माळ्यावरच्या कागदांपासून पुणे आणि धुळ्यातली दोन संग्रहालये कशी उभी राहिली, जाणून घ्या

पुण्याच्या सदाशिव पेठेतील भारत इतिहास संशोधक मंडळ आणि धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ. दोन शहरांतल्या या दोन संस्थांच्या मागे नाव एकच, विश्वनाथ काशिनाथ राजवाडे.

सुरुवात कशी झाली?

राजवाडे यांचा जन्म १८६३ मध्ये रायगड जिल्ह्यातील वरसईचा. पदवी घेतल्यावर काही काळ त्यांनी पुण्यात शिक्षकी केली. पत्नीचे निधन लवकर झाले. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही.

वाईला त्यांना पेशवेकालीन पत्रे सापडली आणि आयुष्याची दिशा ठरली. त्यांत पानिपतच्या काळातला पत्रव्यवहार होता. त्यातूनच १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. पुढे खंडांची संख्या २२ वर गेली.

घाई कशाची होती?

जुन्या घराण्यांची दप्तरे माळ्यावर पडून होती. मोडी वाचणारे कमी होत होते. वाळवी आणि पावसात रोज काही ना काही नष्ट होत होते. एक दप्तर गेले की त्यातली माहिती कायमची जाणार होती. म्हणून राजवाडे गावोगाव पायपीट करत, हाताने स्वयंपाक करून खात आणि कागद मिळवत राहिले.

मंडळ का काढले?

एकट्या माणसाने जमवलेले त्याच्या मागे टिकेलच असे नाही. कागद ठेवायला जागा, वाचायला माणसे आणि चर्चेला सभा हवी होती. ७ जुलै १९१० रोजी खंडेराव मेहेंदळे यांच्यासोबत त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. कागदांपाठोपाठ नाणी, ताम्रपट, चित्रे आणि शिल्पे येत गेली व संग्रहालय आकाराला आले. दत्तो वामन पोतदार, ग. ह. खरे यांच्यासारख्या अभ्यासकांनी काम पुढे नेले.

मग धुळे कुठून आले?

मतभेदांमुळे राजवाडे स्वतःच काढलेल्या मंडळापासून दूर गेले. अखेरच्या काळात ते धुळ्यात होते. ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे राहिलेला संग्रह जपण्यासाठी धुळेकरांनी त्यांच्याच नावाने संशोधन मंडळ उभारले. तिथेही पुढे वस्तुसंग्रहालय झाले.

आज महत्त्व काय?

राजवाडे यांचे अनेक निष्कर्ष पुढच्या अभ्यासकांनी खोडून काढले. जात आणि समाजाबद्दलच्या त्यांच्या मतांवर आजही टीका होते. पण ही तपासणी करायलाही मूळ कागद लागतात. ते त्यांनी जमवले, छापले आणि संस्थेकडे सोपवले. संस्थापक निघून गेल्यावरही पुण्याचे मंडळ बंद पडले नाही. आज तिथे लाखो कागद आहेत.

तुमच्या घरच्या माळ्यावर मोडीतले जुने कागद असतील, तर रद्दीत घालण्याआधी ते एखाद्या जाणकाराला नक्की दाखवा.