रिफाआ तहतावी आणि भाषांची शाळा

इजिप्त म्हणजे तुमच्या ओळखीचा मिस्र देश. त्याच्या दक्षिण भागात नाईल नदीजवळ तहता नावाचे गाव आहे. या गावात १५ ऑक्टोबर १८०१ रोजी रिफाआचा जन्म झाला. गावाच्या नावावरून पुढे जग त्याला तहतावी म्हणू लागले.

रिफाआचे घराणे विद्वानांचे होते आणि एके काळी खाऊनपिऊन सुखी होते. या घराण्याकडे जमिनीचा सारा वसूल करण्याचा जुना हक्क होता. पण इजिप्तचे नवे राज्यकर्ते मुहम्मद अली यांनी असे हक्क काढून घेतले आणि घराला गरिबी आली. वडील मुलाला घेऊन या गावातून त्या गावात नातेवाइकांकडे राहू लागले. अशा फिरस्तीतच रिफाआने कुराण पाठ केले. पुढे वडील वारले. मामांनी त्याच्या शिक्षणाकडे लक्ष दिले आणि १८१७ मध्ये तो कैरोच्या अल-अझहर या प्रसिद्ध विद्यापीठात दाखल झाला. ज्या सरकारमुळे त्याच्या घराची घडी विसकटली, त्याच सरकारच्या पैशाने तो पुढे पॅरिसला जाणार होता!

अल-अझहरमध्ये त्याला हसन अल-अत्तार हे गुरू भेटले. १७९८ मध्ये नेपोलियनने इजिप्तवर स्वारी केली, तेव्हा त्याच्या सैन्याबरोबर फ्रेंच विद्वानही आले होते. अत्तार त्यांना जाऊन भेटले होते. त्यांची पुस्तके आणि उपकरणे त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. आपल्या देशाला अजून पुष्कळ शिकायचे आहे, हे त्यांना तेव्हाच कळून चुकले. धर्मशास्त्राबरोबर भूगोल, इतिहास, वैद्यक असे विषयही ते आवडीने वाचत. आपली ही ओढ त्यांनी रिफाआलाही लावली.

शिक्षण पुरे झाल्यावर तहतावींनी दोन वर्षे अल-अझहरमध्येच शिकवले. नंतर १८२४ मध्ये ते सैन्याच्या एका पलटणीत इमाम झाले.

त्या वेळी मुहम्मद अली नवे सैन्य उभारत होते. ते स्वतः तुर्की बोलत आणि वाचायला शिकले तेही चाळिशी उलटल्यावर. पण शिक्षणाची किंमत त्यांना चांगली ठाऊक होती. सैन्याला डॉक्टर हवे होते, तोफा ओतणारे कारागीर हवे होते, नकाशे काढणारे, पूल बांधणारे हवे होते. ही सारी विद्या युरोपातील भाषांत होती. परदेशी शिक्षक पगार देऊन आणता येत, पण त्यांची भाषा मुलांना समजत नसे. कैरोजवळ अबू झाबल येथे १८२७ मध्ये वैद्यकीय शाळा निघाली, तेव्हा तिथे काय घडे ते पाहा. फ्रेंच डॉक्टर एक वाक्य बोलत. दुभाषी ते अरबीत सांगे. मग मुले ते लिहून घेत. डॉक्टरांना अरबी येत नसे आणि दुभाष्याला वैद्यक येत नसे. मधल्या मध्ये किती अर्थ सांडत असेल, याची कल्पनाच करावी!

यावर उपाय म्हणून सरकारने आपलीच माणसे परदेशी पाठवायचे ठरवले. १८२६ मध्ये चव्वेचाळीस जणांची एक मोठी तुकडी फ्रान्सला निघाली. कुणी वैद्यक शिकणार होते, कुणी रसायन, कुणी शेती, कुणी छपाई, तर कुणी राज्यकारभार. प्रवास, राहणे, जेवण, फी, सारा खर्च सरकारचा होता. परक्या देशात या तरुणांची नमाज चालवायला एक इमाम हवा होता. अत्तारांनी तहतावींचे नाव सुचवले. म्हणजे तहतावी गेले ते इमाम म्हणून. फ्रेंच शिकण्याची सक्ती त्यांच्यावर नव्हती. निघताना गुरूंनी मात्र त्यांना जे जे पाहाल ते लिहून ठेवा, असे बजावले होते.

अलेक्झांड्रियाहून जहाज मार्सेय बंदराला लागले. साथीच्या रोगांच्या भीतीने बाहेरून आलेल्यांना तिथे काही दिवस वेगळे ठेवत. मार्सेयमध्येच तहतावींनी फ्रेंच मुळाक्षरे गिरवायला सुरुवात केली. तेव्हा त्यांचे वय चोवीस वर्षांचे होते. अल-अझहरमध्ये विद्यार्थ्यांना शिकवलेले हे शिक्षक लहान मुलासारखे अक्षरे जुळवत बसले.

पॅरिसमध्ये या मंडळींवर देखरेख ठेवायला जोमार नावाचे फ्रेंच विद्वान होते. ते तरुणपणी नेपोलियनबरोबर इजिप्तला जाऊन आले होते. सुरुवातीला सर्व विद्यार्थी एकाच घरात राहत. दिवसभर फ्रेंचचे धडे घेत, पण आपापसांत बोलत ते तुर्की आणि अरबी! साहजिकच फ्रेंच काही केल्या जिभेवर बसेना. हे लक्षात आल्यावर त्यांना वेगवेगळ्या ठिकाणी फ्रेंच लोकांच्या घरगुती वसतिगृहांत विभागून ठेवले. आता मीठ मागायचे तरी फ्रेंचमध्येच मागावे लागे. मग भाषा भराभर येऊ लागली. तुम्हांलाही हा अनुभव असेल. वर्गात न सुटलेली मराठी बाजारात सुटते.

तहतावींना एवढ्यानेही समाधान नव्हते. सरकारी शिक्षकांचे तास अपुरे वाटले म्हणून त्यांनी स्वतःच्या भत्त्यातून वेगळा शिक्षक ठेवला, पुस्तके विकत घेतली. रात्री उशिरापर्यंत ते वाचत बसत. त्यामुळे त्यांचा डावा डोळा अधू झाला. डॉक्टरांनी रात्रीचे वाचन बंद करायला सांगितले. त्यांनी ऐकले नाही. त्यांची ही चिकाटी पाहून त्यांना अनुवादाचा अभ्यास करण्याची परवानगी मिळाली.

भाषा आली आणि तिच्यामागे एक सारे जग उघडले. ते फ्रेंच वर्तमानपत्रे वाचत. मॉन्तेस्क्यू आणि रूसो यांचे ग्रंथ त्यांनी वाचले. १८३० च्या जुलै महिन्यात पॅरिसच्या लोकांनी बंड करून राजा दहावा चार्ल्स याला गादीवरून घालवले, तेही त्यांनी पाहिले आणि सविस्तर लिहून ठेवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांची शेवटची परीक्षा झाली. परीक्षकांसमोर त्यांनी आपले बारा लहानमोठे अनुवाद ठेवले. भूगोल, इतिहास, खनिजे, युद्धशास्त्र, कायदा असे नाना विषय त्यांत होते. परीक्षेत ते उत्तीर्ण झाले आणि १८३१ मध्ये मायदेशी परतले.

पॅरिसच्या मुक्कामावरचे त्यांचे पुस्तक १८३४ मध्ये कैरोजवळच्या बुलाक येथील सरकारी छापखान्यात छापले गेले. फ्रेंच लोकांची घरे, जेवणाची टेबले, दवाखाने, नाटके, कायदे, सगळे त्यात आले आहे. जे आवडले त्याची त्यांनी स्तुती केली आणि जे पटले नाही तेही स्पष्ट लिहिले. मुहम्मद अलींनी या पुस्तकाच्या प्रती वाटल्या आणि त्याचा तुर्कीत तर्जुमाही करवला. तर्जुमा हा शब्द तुम्ही उर्दूत रोज ऐकता. मराठीतही तो जुना रुळलेला आहे.

परत आल्यावर तहतावींनी आधी वैद्यकीय शाळेत आणि मग तोफखान्याच्या शाळेत अनुवादकाचे काम केले. शब्दाशब्दाला अडायला होई. युरोपातल्या नव्या वस्तूंना आणि नव्या कल्पनांना अरबीत नावेच नव्हती. कधी ते जुन्या ग्रंथांतून शब्द शोधत, कधी बाजारातल्या बोलीतला शब्द उचलत, तर कधी फ्रेंच शब्दच अरबी लिपीत लिहीत. १८३३ मध्ये निघालेल्या एका अनुवादाला तर त्यांनी अशा परक्या शब्दांचा छोटा कोशच जोडला. पुढे आपल्याकडे हैदराबाद संस्थानात उस्मानिया विद्यापीठासाठी १९१७ मध्ये तर्जुम्याचे खाते निघाले, तेव्हा उर्दूपुढेही हाच प्रश्न होता. आजचा मराठवाडा त्या वेळी याच संस्थानात होता.

या कामात एक गोष्ट तहतावींच्या ध्यानात आली. परदेशी जाणे थोड्यांनाच शक्य होते आणि त्याला खर्चही फार येई. आपल्याच देशात परकीय भाषा नीट शिकवल्या, तर शेकडो मुले तयार होतील. ही कल्पना त्यांनी सरकारपुढे मांडली आणि मुहम्मद अलींनी ती मान्य केली. १८३५ मध्ये कैरोत भाषांची शाळा सुरू झाली. तिचे नाव मदरसतुल-अल्सुन. अल्सुन हे लिसान या शब्दाचे अनेकवचन आहे, हे उर्दू वाचणाऱ्याला निराळे सांगायला नको.

शाळेला जागा मिळाली ती अझबकिया भागातल्या एका वाड्यात. स्वारीच्या काळात नेपोलियन याच वाड्यात उतरला होता. विद्यार्थी निवडायला तहतावी स्वतः खेड्यापाड्यांत फिरले. सुरुवातीला पन्नास मुले घेतली, पुढे ही संख्या वाढत दीडशेपर्यंत गेली. मुलांचे जेवण, कपडे, राहणे सरकारकडे होते. शिवाय हातखर्चाला दरमहा पैसेही मिळत. फ्रेंच, तुर्की आणि अरबी या मुख्य भाषा होत्या. जोडीला भूगोल, इतिहास, गणित आणि कायदा हेही विषय असत. अरबीवर तहतावींचा विशेष कटाक्ष होता. ज्याला स्वतःची भाषा नीट येत नाही, तो दुसऱ्या भाषेतले घरी काय आणणार, असे त्यांचे मत होते. ते स्वतः शिकवत आणि वेळेचे भान ठेवत नसत. कधी पहाटे, कधी रात्री त्यांचा तास सुरू होई आणि तीन-तीन तास चाले. विद्यार्थ्यांचे अनुवाद ते ओळ न ओळ तपासत. हे काम इतके वाढले की १८४१ मध्ये अनुवादाचे वेगळे खाते उघडावे लागले. गणित, वैद्यक आणि निसर्गविज्ञान, इतिहास व साहित्य, आणि तुर्की असे त्याचे चार विभाग होते.

पण हे सारे एका माणसाच्या मर्जीवर उभे होते. १८४१ मध्ये तुर्कस्तानच्या सुलतानाने इजिप्तच्या सैन्यावर अठरा हजारांची मर्यादा घातली. बहुतेक शाळा सैन्यासाठीच काढल्या होत्या. सैन्य लहान झाले तशा शाळाही मिटू लागल्या. भाषांची शाळा कशीबशी तगली. मग मुहम्मद अलींच्या जागी त्यांचे नातू अब्बास गादीवर आले. आजोबांच्या या खर्चिक कामांत त्यांना रस नव्हता आणि फ्रेंच लोकांवर त्यांचा विश्वास नव्हता. १८४९ मध्ये त्यांनी भाषांची शाळा बंद केली. चौदा वर्षांची मेहनत एका हुकमाने संपली. ज्या वाड्यात मुले धातू चालवत, तिथे पुढे परदेशी प्रवाशांसाठी एक मोठे हॉटेल झाले.

तहतावींना १८५० मध्ये दूर सुदानातील खार्टूमला पाठवण्यात आले. तिथे त्यांना एक प्राथमिक शाळा चालवायची होती. सांगायला ही बढती होती, प्रत्यक्षात ती हद्दपारीच होती. हवा वाईट, उन्हाळा भयंकर. त्यांच्याबरोबर गेलेल्या शिक्षकांपैकी कित्येक जण तिथेच मरण पावले. फ्रान्समध्ये शिकून आलेले गणितज्ञ मुहम्मद बय्यूमी हेही त्यांत होते. तहतावींनी अर्ज केले, विनवण्या केल्या. उत्तर आले नाही. त्या एकाकी दिवसांत त्यांनी फेनेलाँ या फ्रेंच लेखकाची एक प्रसिद्ध कादंबरी अरबीत आणली. राजपुत्राने चांगला राजा कसे व्हावे, हा तिचा विषय होता. अनुवादासाठी हेच पुस्तक का निवडले असेल, ते ओळखणे अवघड नाही.

१८५४ मध्ये अब्बास वारले आणि तहतावी कैरोला परत आले. तोवर त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. १८६३ मध्ये इस्माईल गादीवर आल्यावर अनुवादाचे खाते पुन्हा उघडले आणि ते तहतावींच्या हाती सोपवले गेले. इतका मोठा खंड पडला होता, तरी कामाला माणसे शोधावी लागली नाहीत. त्यांचे जुने विद्यार्थी आता सरकारी कचेऱ्यांत, शाळांत, न्यायखात्यात ठिकठिकाणी होते. त्यांना हाताशी धरून त्यांनी फ्रान्सचे कायदे अरबीत आणले. शाळेच्या इमारतीचे हॉटेल करता आले, पण विद्यार्थ्यांना आलेली भाषा कुणाला काढून घेता आली नाही.

१८७० पासून ते विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या एका मासिकाचे काम पाहू लागले. मुलांबरोबर मुलींनाही शिकवावे, असे सांगणारे मोठे पुस्तकही त्यांनी लिहिले. हे केवळ लिहिण्यापुरते नव्हते. दुसरा निकाह करणार नाही, असे वचन त्यांनी आपल्या पत्नीला फार पूर्वी लेखी दिले होते. इजिप्तमधली मुलींची पहिली सरकारी शाळा १८७३ मध्ये कैरोत निघाली. त्याच वर्षी २७ मे रोजी तहतावी मरण पावले.

कैरोच्या ऐन शम्स विद्यापीठात आज अल-अल्सुन याच नावाची विद्याशाखा आहे आणि तिथे जगातल्या अनेक भाषा शिकवल्या जातात. अल-अझहरमध्येही आता परकीय भाषांचे विभाग आहेत. त्यांत एक विभाग उर्दूचा आहे.