उमाबाई दाभाडे

उमाबाई दाभाडे (मृत्यू : २८ नोव्हेंबर १७५३) या छत्रपती शाहू महाराजांचे सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या पत्नी होत. पतीच्या पश्चात सेनापतिपदाचा कारभार प्रत्यक्षात त्यांनीच पाहिला. त्यांचे माहेर अभोण्याच्या ठोके देशमुखांचे. सप्तशृंगी गडाच्या सुमारे ४७० पायऱ्या त्यांनी १७१० मध्ये बांधविल्या.

शिवकाळात अष्टप्रधानांची पदे वंशपरंपरागत नव्हती. शाहूकाळात ती घराण्यांची मिरास बनली. १७१७ मध्ये खंडेरावांना मिळालेले सेनापतिपद, त्यांच्या निधनानंतर (१७२९) पुत्र त्र्यंबकराव यांच्याकडे आले. गुजरातच्या चौथाईवरून पेशवे पहिले बाजीराव यांच्याशी वितुष्ट वाढले आणि १ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळ त्र्यंबकराव मारले गेले. छत्रपतींच्या एका प्रधानाशी लढताना दुसरा प्रधान पडला होता. शाहूंनी उमाबाईंचे सांत्वन केले व धाकट्या यशवंतरावांस सेनापती नेमले. पुत्र अल्पवयीन असल्याने सूत्रे मातेकडे राहिली. शाहूंनी बाजीरावांस तळेगावी नेऊन उमाबाईंसमोर उभे केले व सूडासाठी त्यांच्या हाती तलवार दिली, ही कथा आख्यायिका म्हणूनच वाचावी. मात्र गुजरातचा अर्धा वसूल पेशव्यांमार्फत सरकारात भरण्याची अट उमाबाईंनी मनापासून कधीच मानली नाही.

१७३२ मध्ये गुजरातचा मोगल सुभेदार, जोधपूरचा अभयसिंह याने दाभाड्यांचे सरदार पिलाजी गायकवाड यांची हत्या करविली. तेव्हा उमाबाई स्वतः फौजेसह अहमदाबादेवर चालून गेल्या.

डभईची लढाई सर्वांना ठाऊक असते. परंतु घराण्याचे भवितव्य ठरले ते शाहूंच्या निधनानंतर. २२ नोव्हेंबर १७५० रोजी उमाबाईंनी आळंदीस पेशवे नानासाहेब यांची भेट घेऊन, दडपणाखाली झालेला वाटणीचा करार रद्द करण्याची मागणी केली. पेशव्यांनी ती नाकारली. लवकरच ताराबाईंनी साताऱ्यास रामराजांना कैद केले. त्यांच्या साहाय्यार्थ उमाबाईंनी पिलाजींचे पुत्र दमाजी यांस पंधरा हजार फौजेनिशी पाठविले. ही फौज साताऱ्याजवळ कोंडली गेली. मे १७५१ मध्ये दमाजी व पाठोपाठ दाभाडे मंडळी कैद झाली. लोहगड हे त्यांचे बंदिस्थान ठरले. पुढे दमाजींनी पेशव्यांशी स्वतंत्र तह करून अर्धा गुजरात देऊ केला आणि दाभाड्यांची साथ सोडली. गुजरातमध्ये सत्ता उरली ती सेवक घराण्याची, धन्याची नव्हे.

उमाबाईंचे निधन पुणे येथे झाले. त्यांची समाधी तळेगाव दाभाडे येथील बनेश्वर मंदिराच्या परिसरात आहे. तेथून चाकणकडे जाणाऱ्या रस्त्यावर, इंद्रायणीकाठी इंदुरी येथे दाभाड्यांची गढी आहे.