जेआरडी टाटांचा एक प्लग, एक हरलेली शर्यत आणि जुहूची धावपट्टी

अंधेरी : आज जुहूच्या धावपट्टीवरून हेलिकॉप्टरं उडतात. नव्वद वर्षांपूर्वी तिथं समुद्राच्या पातळीला टेकलेलं चिखलाचं सपाट रान होतं. जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा, म्हणजे जेआरडी, याच रानात टपालाचं विमान घेऊन उतरले.

त्यांचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसचा. आई फ्रेंच. सुट्टीत समुद्रकाठी राहायला जायचे, तिथं विमानं बघून पोराला वेड लागलं. वेगाचं वेड तर होतंच. मुंबईत निळी बुगाटी गाडी अशी पळवायचे की पोलीस केस झाली. केससाठी वकील जॅक विकाजींकडे गेले, तिथं त्यांची पुतणी थेल्मा भेटली आणि १९३० च्या डिसेंबरात लग्न झालं. केस अशी फळाला येणं विरळाच.

त्याच १९३० साली आगाखानांनी ठेवलेल्या ५०० पौंडांच्या बक्षिसाची शर्यत लागली. भारत ते इंग्लंड किंवा उलट, विमान एकट्यानं न्यायचं. जेआरडींकडे १० फेब्रुवारी १९२९ चं, भारतात दिलेलं पहिलं वैमानिक लायसन होतं. मे महिन्यात ते कराचीहून जिप्सी मॉथ घेऊन निघाले. एकच इंजिन, बसायची जागा उघडी, रेडिओ नाही. खाली वाळवंट नाहीतर पाणी. इंजिन बंद पडलं की माणूस कुठं पडला हे कळायलाही दिवस जायचे.

समोरून इंग्लंडहून १७ वर्षांचा अस्पी इंजिनिअर येत होता. दोघांची गाठ इजिप्तमधल्या अबुकीरला पडली. अस्पीचा स्पार्क प्लग गेलेला, जवळ दुसरा नाही, म्हणून अडकून पडलेला. पंप सुरू होईना आणि प्लग मिळेना, हे ज्यानं भोगलंय त्याला ती तगमग कळेल. जेआरडींनी आपल्याजवळचा प्लग काढून दिला. शर्यत अस्पीनं जिंकली, जेआरडी थोडक्यात मागं राहिले. मनमोहन सिंग तिसरे स्पर्धक, पण मुदत ओलांडल्यानं त्यांना बक्षीस नाही. तोच अस्पी पुढं हवाई दलाचा प्रमुख झाला.

मग टपालाचं काम. वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट सोबतीला. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी पुस मॉथ घेऊन कराचीहून निघाले. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणून विमानात भरले. विमानाला बैलानं इंधन पुरवलं, हे शेतकऱ्यानं लक्षात ठेवावं. दुपारी जुहूला उतरले. तिथून व्हिन्सेंट टपाल घेऊन मद्रासकडे गेले. पावसाळ्यात जुहूचं रान पाण्याखाली जायचं, तेव्हा सगळा कारभार पुण्याला हलवावा लागे.

या धंद्यानं माणसं खाल्ली. जेआरडींचा धाकटा भाऊ जिमी विमान अपघातात गेला. व्हिन्सेंट १९४२ मध्ये युद्धात विमानासकट गेले. तरी जेआरडी उडत राहिले. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं पहिलं विमान मुंबईहून लंडनला गेलं. १९५३ ला सरकारनं कंपनी ताब्यात घेतली, ते त्यांना पटलं नव्हतं, पण अध्यक्षपद त्यांनी सोडलं नाही.

१९८२ साली वयाच्या ७८ व्या वर्षी तोच कराची-मुंबई प्रवास त्यांनी पुन्हा केला, एकट्यानं, तशाच जुन्या विमानातून. उतरले जुहूलाच. १९९२ ला भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात ते गेले, पुरलं पॅरिसला, जन्मगावी.